रात्रीचे व्याकरण

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या भक्तिगीतांना गॉस्पेल म्हणतात. या गॉस्पेलची आर्त, ताणलेली, श्वासासकट ऐकू येणारी गायकी जेव्हा देवाला सोडून प्रियकराला किंवा प्रेयसीला उद्देशून वापरली जाऊ लागली, तेव्हा विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘सोल’ म्हणजे ‘आत्मा’ या नावाचा संगीतप्रकार आकाराला आला. १९७० च्या दशकात या प्रकारातील शृंगारिक गाणी लाँग प्ले तबकड्यांवर सलग मांडली गेली. अल ग्रीन यांची १९७२ मधील ‘लेट्स स्टे टुगेदर’ आणि मार्विन गे यांची १९७३ मधील ‘लेट्स गेट इट ऑन’ या तबकड्या त्यांतील नमुनेदार मानल्या जातात. मार्विन गे हे धर्मोपदेशकाचे पुत्र होते, तर अल ग्रीन पुढे त्याच दशकात स्वतःच मेम्फिसमध्ये धर्मोपदेशक झाले. देवघर आणि शेजघर यांच्यामधली भिंत या गायकीत किती पातळ होती, हे एवढ्यावरून ध्यानात येते.

मराठीत याच दशकात आणि त्याच्या आगेमागे एक प्रेमगीत घडत होते, ज्याचे नाते या सोल संगीताशी प्रभावाचे नसले तरी स्वभावाचे निश्चित आहे. सुरेश भट यांची कविता, हृदयनाथ मंगेशकर यांची चाल आणि लता मंगेशकर किंवा आशा भोसले यांचा आवाज, असा हा त्रिवेणी संगम होता. ‘मेंदीच्या पानावर’ आणि ‘मालवून टाक दीप’ ही लताबाईंची, तर ‘तरुण आहे रात्र अजुनी’, ‘केव्हातरी पहाटे’ आणि ‘चांदण्यात फिरताना’ ही आशाबाईंची गाणी या संगमातून निघाली. ती अर्धशतकाच्या अंतरानंतरही टिकून आहेत, याचे श्रेय सहसा चालीच्या गोडव्याला आणि आवाजाला दिले जाते. ते योग्यही आहे; मात्र या गाण्यांचा शृंगार पुष्कळ अंशी मराठीच्या व्याकरणातच दडलेला आहे आणि तो उलगडला म्हणजे चाल व आवाज यांनी नेमके काय केले हेही अधिक स्पष्ट होते.

दोन शहरांच्या मधला मुलूख

सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत झाला आणि १४ मार्च २००३ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. अडीच वर्षांचे असताना पोलिओने त्यांचा एक पाय अधू केला. आईच्या काव्यप्रेमामुळे आणि घरातल्या बाजाच्या पेटीमुळे सूर आणि शब्द दोन्ही त्यांच्या कानावर लहानपणीच पडले. जन्माचे शहर आणि अखेरचे शहर यांच्या मधल्या प्रदेशातच नरखेड तालुका येतो. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेला, संत्र्याच्या बागांचा हा मुलूख १९७० च्या दशकात काटोल तालुक्यात मोडत असे. त्याच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, म्हणजे जुने वऱ्हाड, सुरू होते, आणि उत्तरेला थोड्याच अंतरावर पांढुर्ण्याकडचा, आज मध्य प्रदेशात असलेला पण मराठी बोलणारा भाग लागतो.

मराठी गझल विदर्भात रुजली, याचे एक कारण या भूगोलात सापडते. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष कारभाराखाली होते, तर नागपूर हे १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांचा वावर असलेल्या मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. अमरावती, अकोला, नागपूर, कामठी या गावांत उर्दू बोलणारी मोठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आणि मुशायरा, म्हणजे कवींनी एकामागून एक रचना सादर करण्याची बैठक, हा तेथील श्रोत्याला अपरिचित प्रकार नव्हता. मराठीत फारसी वृत्तांवर आधारित रचनेचा पाया माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजलि’ या संग्रहाने घातला असला, तरी गझलेचा मिजाज मराठीत मुरवण्याचे काम वऱ्हाडातून आलेल्या भटांनी केले. ‘रूपगंधा’ (१९६१) आणि ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) या संग्रहांनी ते सिद्ध झाले, तर ‘गझलेची बाराखडी’ या पुस्तिकेतून त्यांनी नव्या कवींसाठी या प्रकाराचे नियम सोप्या भाषेत मांडले. पुढे गझलगायनाची स्वतंत्र मैफल उभी करणारे आर्णीचे सुधाकर कदम आणि आष्टगावचे भीमराव पांचाळे हेही याच पट्ट्यातले असावेत, यात काही नवल नाही.

विदर्भाचा भावगीताशी असलेला संबंध तर त्याहून जुना आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता भावगीतगायक गजानन वाटवे यांच्याही आधीच्या पिढीतील जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताच्या तबकडीचा इतिहास बहुधा तेथूनच मोजला जातो. नागपूरचे राजा बढे यांचे ‘चांदणे शिंपीत जाशी’ हे गीतही हृदयनाथांच्याच चालीत आशाबाईंनी गायिले. भटांची प्रेमगीते या परंपरेत उभी राहिली, आणि १९४८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रामुळे ती नरखेड, जलालखेडा, मोवाड अशा गावांपर्यंत पोचू शकली, जेथे ग्रामोफोन मोजक्या घरांत पण रेडिओ पुष्कळ घरांत असे.

तबकडीचा आकार आणि गझलेचा आकार

सोल संगीताच्या रसग्रहणात ‘अल्बम’ हे एकक महत्त्वाचे असते. गाण्यांचा क्रम, एका बाजूचा शेवट आणि दुसऱ्या बाजूची सुरुवात, यांचाही तेथे अर्थ लावला जातो. मराठी भावगीताचे एकक मात्र एकेकटे गाणे हेच राहिले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे एक गाणे मावत असे. पुढे ४५ फेऱ्यांच्या लहान ‘ईपी’वर दोन्ही बाजू मिळून चार गाणी, आणि ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांच्या लाँग प्लेवर एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांचा ऐवज मावू लागला. तरीही श्रोत्याने गाणे ऐकले ते बहुधा रेडिओवर, सुटे सुटे, कोणत्या गाण्यानंतर कोणते हे निवेदकावर सोपवून. म्हणून मराठीत ‘भट–हृदयनाथ’ हा अल्बम कोणा एका कंपनीने घडवलेला नाही. तो श्रोत्यांच्या स्मरणात हळूहळू जुळत गेला.

गझलेच्या रचनेशी ही सुटी मांडणी विलक्षण जुळते. गझल ही दोन-दोन ओळींच्या शेरांची माळ असते आणि प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र, पुढच्या-मागच्यावर न विसंबणारा असतो. या सुट्या शेरांना बांधणारे तीन धागे असतात: एकच वृत्त, प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द किंवा शब्दगट, ज्याला रदीफ म्हणतात, आणि रदीफच्या आधी येणारे यमक, ज्याला काफिया म्हणतात. या तिन्ही धाग्यांना मिळून गझलेची जमीन म्हणतात. पहिल्या शेराच्या दोन्ही ओळींत काफिया आणि रदीफ येतात आणि त्या शेराला मतला हे नाव आहे. संगीतकाराने गझल चालीत बसवली की मतल्याचे ध्रुवपद होते, पुढचे शेर अंतरे होतात आणि रदीफ ही ध्रुवपदाकडे परतण्याची वाट ठरते. तबकडीच्या मर्यादित वेळात सगळे शेर मावत नसले तर काही गाळता येतात, कारण शेर स्वतंत्र असतात. कथाकाव्यात असे गाळता आले नसते.

वृत्ताचा मुद्दा येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ऱ्हस्व अक्षर लघू, म्हणजे एका मात्रेचे. दीर्घ अक्षर गुरू, म्हणजे दोन मात्रांचे. आणि मराठी गझलेत एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ हे शब्द या मापाने मोजले तर ‘तरु’ हे दोन लघू मिळून एक गुरू, ‘ण’ लघू, ‘आ’ आणि ‘हे’ गुरू, म्हणजे गालगागा. पुढे ‘रा’ गुरू, ‘त्र’ लघू, ‘अजु’ मिळून गुरू आणि ‘नी’ गुरू, म्हणजे पुन्हा गालगागा. असे चार गट मिळून होणाऱ्या वृत्ताला व्योमगंगा म्हणतात. त्याचा प्रत्येक गट सात मात्रांचा असल्याने बोलतानाच त्यात तीन आणि चार मात्रांचा एक झोका तयार होतो, जो पाळण्याच्या लयीसारखा संथ आहे. ‘केव्हातरी पहाटे’ मात्र आनंदकंद वृत्तात, गागालगा लगागा या मापात, येते. तेथे सुरुवातीचे दोन गुरू पाऊल रोवतात आणि मधला लघू–गुरू–लघू असा भाग किंचित अडखळतो. या वृत्ताची चाल पहिल्यापेक्षा हुरहुरीची आहे. संगीतकार वृत्ताच्या मात्रा तालाच्या मात्रांशी जशाच्या तशा जुळवायला बांधील नसतो, पण शब्दांचे गुरू-लघू मोडून चाल बांधली तर उच्चार दुखावतो. हृदयनाथांच्या चाली गळ्याला कठीण असूनही शब्द कधीही चुरगळलेला वाटत नाही, याचे कारण बहुधा या मापाविषयीचा त्यांचा आदर हे असावे.

‘-लास’ आणि ‘-ऊन’

‘तरुण आहे रात्र अजुनी’ या गाण्याची रदीफ ‘का रे’ ही आहे आणि तिच्या आधीचा काफिया ‘निजलास’, ‘विझलास’ अशा शब्दांनी साधलेला आहे. या ‘-लास’ची जडणघडण पाहण्यासारखी आहे. मराठीत भूतकाळी अकर्मक क्रियापदाचे रूप कर्त्याचे लिंग आणि पुरुष दोन्ही सांगते: ‘तू निजलास’ असे म्हटले की समोरचा एकटा आहे, जवळचा आहे आणि पुरुष आहे हे आपोआप कळते, कारण स्त्री असती तर ‘निजलीस’ म्हणावे लागले असते. बोलणारीचेही तसेच आहे. त्याच गीतात एके ठिकाणी ती स्वतःविषयी ‘विझले’ असे रूप वापरते, जे पुरुषाच्या तोंडी ‘विझलो’ झाले असते. लिंगाचा निर्णय असा एका स्वराने लागतो.

हे वरवर क्षुल्लक वाटणारे वैशिष्ट्य गझलेच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. फारसीच्या व्याकरणात लिंगभेदच नाही, त्यामुळे फारसी गझलेतील प्रिय व्यक्ती पुरुष, स्त्री की ईश्वर हे मोघम ठेवता येते. उर्दूच्या व्याकरणात लिंग आहे, पण तेथील काव्यसंकेताने प्रिय व्यक्तीला सहसा पुल्लिंगी ठेवून तोच मोघमपणा जपला. भटांनी गझलेचा साचा मराठीत आणला तेव्हा मराठी क्रियापदाने तो आडपडदा शेराच्या सर्वांत लक्षवेधी जागी, म्हणजे काफियातच, दूर सारला. प्रत्येक शेराच्या शेवटी श्रोत्याला पुन्हा पुन्हा ऐकू येते की समोरचा पुरुष आहे, बोलणारी जागी आहे आणि तो झोपी गेला आहे. शृंगाराची मागणी स्त्रीने करायची आणि पुरुषाने कूस बदलायची, ही परिस्थिती मराठीला लावणीमुळे अगदीच नवी नव्हती. पण लावणीत ही मागणी फडावर, समोरच्या प्रेक्षकांदेखत होते, तर येथे ती एकाच्याच कानाशी होते. रदीफमधला ‘रे’ हा जवळिकीचा संबोधनशब्द आणि ‘का’ हा प्रश्न मिळून जी कुजबूज तयार होते, तिला गाण्याच्या अखेरपर्यंत उत्तर मिळत नाही.

नरखेडच्या परिसरातल्या बोलीच्या कानाने हे रूप ऐकले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीत दुसऱ्या पुरुषातला हा ‘स’ बहुधा गळतो. तेथे ‘तू कधी आला?’ असेच विचारतात, ‘आलास’ असे फारसे म्हणत नाहीत. स्त्रीही स्वतःविषयी ‘मी आले’ असे न म्हणता ‘मी आली’ असे म्हणते. त्या बोलीत हेच गाणे ‘निजला का रे’ असे झाले असते आणि काफियाचा शेवट उघड्या ‘आ’वर गेला असता. भटांनी अमरावतीचे असूनही प्रमाण मराठीचे रूप निवडले, आणि त्यामुळे प्रत्येक शेराच्या शेवटाशी एक लांबणारा ‘स’ आला, जो निजलेल्याच्या श्वासासारखा आणि ‘हळू बोल’ असे सुचवणाऱ्या हुंकारासारखा ऐकू येतो. ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळून गाताना सकारासारखे ऊष्म वर्ण फार टोचरे होण्याची भीती असते. आशाबाई ते दाबत नाहीत, मऊ करून सोडतात. तबकडी पुन्हा ऐकताना चालीबरोबर या एका वर्णाकडे लक्ष दिले, तरी गायिकेच्या कारागिरीचा अंदाज येतो.

‘केव्हातरी पहाटे’ या गझलेचा काफिया याच्या नेमका उलट काम करतो. तेथे रदीफ ‘रात गेली’ ही आहे आणि काफिया ‘उलटून’, ‘हरवून’, ‘निसटून’, ‘सुचवून’ अशा शब्दांचा आहे. हे ‘-ऊन’ प्रत्ययाचे रूप, ज्याला व्याकरणात पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय म्हणतात, एक क्रिया आधी पुरी झाली आणि मग दुसरी घडली एवढेच सांगते. त्याला लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही. शिवाय या सर्व क्रियांची कर्ती रात्र आहे. उलटणारी, हरवणारी, निसटणारी तीच, आणि जाणारीही तीच. माणसाच्या वाट्याला यमकाच्या जागी एकही क्रिया आलेली नाही. एका गाण्यात तक्रार प्रियकराकडे करता येते, कारण कर्ता तो आहे. दुसऱ्यात ती कोणाकडेच करता येत नाही, कारण जे घडले ते रात्रीने घडवले आणि ती निघून गेली. दोन्ही गाणी रात्रीचीच आहेत, पण एकात रात्र हाताशी आहे म्हणून हट्ट आहे आणि दुसऱ्यात ती संपली आहे म्हणून नुसती हळहळ आहे, आणि हा सगळा फरक ‘-लास’ आणि ‘-ऊन’ या दोन शेपटांत सामावलेला आहे. फारसीतून आलेल्या काव्यप्रकाराला मराठीने दिलेला हा अस्सल घरचा ऐवज होय.

विराणीची ओळख

सोल संगीताशी असलेल्या ज्या नात्याचा आरंभी उल्लेख केला, ते येथे स्पष्ट होते. भटांच्या शृंगारगीतांना चाल देणारे हृदयनाथ आणि गाणाऱ्या लताबाई यांनीच त्याच काळाच्या आसपास ज्ञानेश्वरांच्या विराण्या आणि अभंगही ध्वनिमुद्रित केले. ‘घनु वाजे घुणघुणा’ आणि ‘मोगरा फुलला’ ही त्यांतली सर्वपरिचित उदाहरणे. विराणी म्हणजे विरहिणीच्या भूमिकेतून गायिलेले पद, ज्यात पुरुष असलेला संत स्वतःला स्त्री कल्पून ईश्वराची वाट पाहतो. चंदन, चांदणे, शेज, अंगाची काहिली, सरत नाही अशी रात्र, ही सारी शब्दसामग्री मराठीला सातशे वर्षांपूर्वी याच पदांनी पुरवली. गॉस्पेलची आर्तता जशी प्रेमगीतात उतरली, तशी विराणीची आर्तता हृदयनाथांच्या चालींत उतरली, आणि ज्या गळ्याने विठ्ठलाला हाक मारली त्याच गळ्याने ‘मालवून टाक दीप’मध्ये प्रियकराला हाक मारली.

उस्ताद अमीर खाँ यांचे शिष्य असलेल्या हृदयनाथांवर त्या गुरूंच्या विलंबित, आत वळलेल्या गायकीचा संस्कार होता. १९६९ च्या सुमारास त्यांनी गालिबच्या गझला लताबाईंकडून गाऊन घेतल्या होत्या, त्यामुळे गझल आणि विराणी हे दोन्ही प्रवाह एकाच संगीतकाराच्या हातात एकाच काळात होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, १९७७ मध्ये, ‘जैत रे जैत’ या चित्रपटात ना. धों. महानोर यांच्या रानवट शब्दांना त्यांनी वेगळाच बाज दिला. १९७९ मध्ये ‘सिंहासन’ या चित्रपटासाठी भटांच्याच ‘उषःकाल होता होता’ला राजकीय धार दिली. एकाच कवीचा राग आणि अनुराग सारख्याच ताकदीने पेलणाऱ्या या संगीतकाराने शृंगाराला कोठेही लाडिकपणाकडे झुकू दिले नाही. प्रतीक्षा, मागणी आणि उत्तर न मिळणे हे विराणीचे तीन टप्पे त्यांनी प्रेमगीतातही तसेच ठेवले.

या गाण्यांचे रसग्रहण करू इच्छिणाऱ्या वाचकाला म्हणून एक सोपा क्रम सुचवता येईल. प्रथम गीताचे शब्द चालीशिवाय, बोलण्याच्या लयीत म्हणून पाहावेत, म्हणजे गालगागाचा झोका जिभेला कळतो. नंतर काफियाचे शब्द वेगळे काढून त्यांचा कर्ता कोण हे शोधावे. मग गाणे ऐकताना रदीफ दर वेळी नेमकी कशी परतते, तोच शब्द पहिल्या आणि शेवटच्या शेरात सारखाच गायिला जातो की त्यावरचा भार बदलतो, हे टिपावे. ‘का रे’ आरंभी लाडाचा प्रश्न असतो आणि शेवटी तो जवळजवळ स्वतःलाच विचारलेला असतो. शेवटी ‘तरुण आहे रात्र अजुनी’ आणि ‘केव्हातरी पहाटे’ ही दोन गाणी याच क्रमाने लागोपाठ ऐकावीत. कोणा कंपनीने ती अशी मांडलेली असोत वा नसोत, पहिल्यातली जागी राहिलेली रात्र दुसऱ्यात पहाटेला पोचते, आणि दोहोंच्या मध्ये जो क्षणभराचा शांत भाग उरतो त्यात त्या निजलेल्याने उत्तर दिले की नाही, हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते.